घटक ६ : न्यायवैद्यकीय नियतकालिकासाठी लेख – हस्तलिखिताची सिद्धता आणि सादरीकरण

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• न्यायवैद्यकीय लेखाचे स्वरूप व त्याची अंगे सांगता येतील.
• ‘पाहिलेले’, ‘ऐकलेले’ आणि ‘अनुमानिलेले’ यांची भाषेत वेगवेगळी मांडणी करता येईल.
• मृत व्यक्तीची ओळख उघड होऊ न देता प्रकरणाचे वर्णन कसे करावे, हे स्पष्ट करता येईल.
• हस्तलिखित नियतकालिकाकडे पाठवण्याचे व परीक्षणानंतर सुधारण्याचे टप्पे विशद करता येतील.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, लेखनव्यवहारातील एका वेगळ्या क्षेत्राचा परिचय आपण या घटकात करून घेणार आहोत. कायद्याच्या कामी उपयोगी पडणारे वैद्यकशास्त्र म्हणजे न्यायवैद्यकशास्त्र. या शास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध होणारे लेख डॉक्टर लिहितात, आणि बहुधा इंग्रजीत लिहितात. मग मराठीच्या विद्यार्थ्याने त्यांचा अभ्यास कशासाठी करावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांत आणि रुग्णालयांत सापडते. आपल्यापैकी काही जण पोलीस दलात, न्यायालयात वा शासकीय रुग्णालयात नोकरी करत असतील. संशयास्पद मृत्यूची पहिली नोंद, साक्षीदारांचे जबाब आणि पंचनामा हे सारे कागद मराठीत तयार होतात. डॉक्टरांचा इंग्रजी लेख पुढे त्याच कागदांवर उभा राहतो. मुळातील एक क्रियापद चुकले, तर ती चूक जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचते. शिवाय अनुवादक, मुद्रितशोधक किंवा संपादन साहाय्यक म्हणून अशा लेखाशी आपला प्रत्यक्ष संबंधही येऊ शकतो. या घटकातील उदाहरणे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, विशेषतः मालवण किनाऱ्याच्या परिसराशी जोडलेली आहेत.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ नियतकालिके आणि लेखप्रकार

न्यायवैद्यकशास्त्राची नियतकालिके आपल्या परिसराला परकी नाहीत. ‘इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ फॉरेन्सिक मेडिसिन’ ही देशपातळीवरील संस्था १९७२ मध्ये पणजी येथे, म्हणजे सिंधुदुर्गाच्या शेजारीच स्थापन झाली. ती आपले नियतकालिक प्रसिद्ध करते. ‘मेडिकोलीगल असोसिएशन ऑफ महाराष्ट्र’ या संस्थेचे ‘जर्नल ऑफ फॉरेन्सिक मेडिसिन, सायन्स अँड लॉ’ हे मुखपत्र आहे.

अशा नियतकालिकांत प्रामुख्याने तीन प्रकारचे लेख येतात. अनेक प्रकरणांच्या नोंदी एकत्र करून, त्यांचे विश्लेषण करून निष्कर्ष मांडणारा तो ‘संशोधन लेख’. एखाद्या विषयावर आजवर झालेल्या संशोधनाचा परामर्श घेणारा तो ‘आढावा लेख’. एकाच असाधारण प्रकरणाचे सविस्तर वर्णन करून त्यातून काय शिकावे हे सांगणारा तो ‘प्रकरणवृत्तान्त’. ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांना प्रकरणवृत्तान्त हा प्रकार सर्वांत जवळचा असतो. म्हणून या घटकात आपण त्यावर भर देणार आहोत.

६.३.२ लहान गावातून मोठ्या नियतकालिकाकडे

मोठ्या नियतकालिकांत केवळ महानगरांतील तज्ज्ञांनीच लिहावे, असा एक समज रूढ आहे. तो किती चुकीचा आहे, हे कोकणातीलच एका उदाहरणाने दाखवून दिले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने त्या काळी अनेक माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. डॉ. बावस्करांनी रुग्णांची लक्षणे बारकाईने पाहिली व नोंदवली. उलट्या, दरदरून सुटणारा घाम, गार पडणारे हातपाय ही हृदयावर होणाऱ्या गंभीर परिणामाची पूर्वसूचना असते, हे त्यांनी ओळखले. त्यांचे हे निरीक्षण १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचे त्यांचे लेखन १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आले. २०२२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

हे लेखन न्यायवैद्यकीय नव्हे, उपचारविषयक आहे. तरीही आपल्याला त्यातून एक गोष्ट घेता येते. संपादकाला लेखकाच्या गावाचा आकार नको असतो. त्याला निरीक्षण हवे असते, आणि ते काटेकोर शब्दांत मांडलेले हवे असते.

६.३.३ तीन भाषांचा प्रवास

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेऊ. पावसाळ्यातील एका पहाटे मालवण किनाऱ्यावर एका पुरुषाचे प्रेत आढळते. ते प्रथम पाहणारा मच्छीमार पोलिसांना मालवणीत सांगतो, “तो दर्यात गावलो.” गावणे म्हणजे सापडणे. हा माणूस समुद्रात ‘सापडला’, एवढेच तो सांगत आहे. जबाब लिहून घेणारा घाईत लिहितो, ‘सदर इसम समुद्रात बुडाला.’ आणि हा कागद पाहून इंग्रजी लेखाचा मसुदा करणारा लिहितो की, ‘मृत्यू समुद्रात बुडून झाला.’

पाहा, तीन पायऱ्यांत काय घडले. साक्षीदाराने प्रेत पाहिले होते, बुडणे पाहिले नव्हते. पाण्यात सापडलेला प्रत्येक मृतदेह बुडून मेलेल्या माणसाचा नसतो. माणूस हृदयविकाराने पाण्यात कोसळलेला असू शकतो. त्याला अन्यत्र मारून पाण्यात टाकलेले असू शकते. ‘गावलो’चा ‘बुडाला’ झाला, तेव्हा शवविच्छेदनापूर्वीच निकाल लागून गेला. विम्याचा दावा, वारसांचा हक्क आणि क्वचित एखाद्या निरपराध माणसाचे स्वातंत्र्य अशा एका क्रियापदावर अवलंबून असते.

‘दर्या’ या शब्दाचेही तसेच. प्रेत मोकळ्या समुद्रात आढळले की कर्ली नदीच्या मुखाजवळ, खाडीत, हा फरक शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पाण्यात डायटम नावाची अतिसूक्ष्म शैवाले असतात व त्यांचे कवच सिलिकेचे असते. बुडताना ती श्वासाबरोबर शरीरात जातात, या तत्त्वावर डायटम चाचणी आधारलेली आहे. खारे, मचूळ आणि गोडे पाणी यांत आढळणारे डायटम सारखे नसतात. त्यामुळे शरीरातील डायटम आणि घटनास्थळाच्या पाण्याचा नमुना यांची तुलना करावी लागते. या चाचणीच्या विश्वासार्हतेविषयी तज्ज्ञांत मतभेद असले, तरी स्थळाची नोंदच मोघम असेल, तर ही तुलना मुळातच निरर्थक ठरते.

६.३.४ हस्तलिखिताची अंगे

आज लेख संगणकावर लिहिला जातो. तरीही छापण्यापूर्वीच्या मजकुराला ‘हस्तलिखित’ म्हणण्याचा प्रघात कायम आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांनी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे एकत्र येऊन हस्तलिखितांसाठी समान नियम ठरवले. आज हा गट ‘आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिक संपादक समिती’ म्हणून ओळखला जातो व त्याच्या शिफारशी जगभर मानल्या जातात. प्रकरणवृत्तान्तासाठी ‘केअर’ नावाची स्वतंत्र मार्गदर्शक सूची २०१३ पासून उपलब्ध आहे. हस्तलिखिताची अंगे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

(अ) शीर्षकपृष्ठ : लेखाचे शीर्षक, लेखकांची नावे, पदे, संस्था व पत्रव्यवहाराचा पत्ता. हे पृष्ठ वेगळे ठेवतात; कारण परीक्षकाला लेखकाचे नाव कळू नये, अशी अनेक नियतकालिकांची पद्धत आहे.

(आ) सारांश व सूचकशब्द : लेखाचा आशय मोजक्या शब्दांत. पुष्कळ वाचक फक्त सारांशच वाचतात; म्हणून लेखात नसलेला दावा सारांशात कधीही असू नये.

(इ) प्रास्ताविक : हे प्रकरण नोंदवण्याजोगे का आहे, याचे थोडक्यात उत्तर.

(ई) प्रकरणाचे वर्णन : पोलिसांकडून मिळालेली पार्श्वभूमी, बाह्य तपासणी, अंतर्गत तपासणी, प्रयोगशाळेचे अहवाल – याच क्रमाने.

(उ) चर्चा : निरीक्षणांचा अर्थ, इतर पर्यायांचा विचार, पूर्वीच्या संशोधनाशी तुलना आणि आपल्या लेखाच्या मर्यादा.

(ऊ) निष्कर्ष, ऋणनिर्देश आणि संदर्भ : व्हँकुव्हर पद्धतीत संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे देतात.

संशोधन लेखात ‘प्रकरणाचे वर्णन’ या जागी ‘साहित्य व पद्धती’ आणि ‘निरीक्षणे’ असे दोन भाग येतात.

६.३.५ पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानिलेले

प्रकरणाचे वर्णन आणि चर्चा यांमधील भिंत ही न्यायवैद्यकीय लेखाची खरी कसोटी होय. वर्णनात केवळ दिसलेले, मोजलेले व प्रयोगशाळेने कळवलेले यावे. त्याचा अर्थ काय, हे चर्चेत यावे.

‘हातापायांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली होती’ हे निरीक्षण आहे. पण त्यावरून शरीर काही काळ पाण्यात होते, एवढेच सिद्ध होते. मृत्यूनंतर पाण्यात टाकलेल्या प्रेतातही हा बदल होतो. ‘नाकातोंडाशी बारीक, पांढरा, चिवट फेस होता’ हे बुडण्याकडे निर्देश करणारे महत्त्वाचे चिन्ह आहे. मात्र हृदयविकारामुळे फुप्फुसांत पाणी साठले असता व काही विषबाधांतही फेस येतो. ‘मुठीत वाळू व शेवाळ घट्ट धरलेले होते’ हे माणूस पाण्यात पडताना जिवंत असल्याचे सुचवते. अशी अनेक चिन्हे एकत्र आली व इतर कारणे वगळता आली, तरच लेखकाने ‘बुडून मृत्यू’ असे म्हणावे.

तिसरा प्रकार ऐकीव माहितीचा. ‘मृत व्यक्ती मद्यपी होती’ असे विधान डॉक्टर स्वतःच्या नावावर करू शकत नाही. ‘नातेवाइकांनी पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार’ असे त्या वाक्याला मूळ जोडावे लागते. मराठीत यासाठी ‘आढळले’, ‘सांगण्यात आले’, ‘दिसून येते’, ‘असावे’, ‘नाकारता येत नाही’ अशा निरनिराळ्या छटांची क्रियापदे आहेत. ती अलंकार म्हणून वापरायची नसून पुराव्याच्या वजनाप्रमाणे निवडायची असतात.

अशा लेखाचा परिणाम ग्रंथालयापुरता राहत नाही. लेखक डॉक्टर पुढे साक्षीदार म्हणून न्यायालयात उभा राहिला, तर त्याचे पूर्वीचे लिखित विधान उलटतपासणीत त्याच्यापुढे ठेवले जाऊ शकते. शवविच्छेदन अहवालात ‘मत राखून ठेवले’ आणि लेखात ‘निश्चितपणे खून’ असे लिहिले असेल, तर त्याच्या साक्षीला काय किंमत उरेल, याचा विचार करावा.

६.३.६ मृत व्यक्तीची ओळख

रुग्ण स्वतःच्या प्रकरणाच्या प्रसिद्धीला संमती देऊ शकतो किंवा नाकारू शकतो. मृत व्यक्तीला तो अधिकार वापरता येत नाही. म्हणून नियतकालिके बहुधा निकटच्या नातेवाइकांची लेखी संमती, तसेच संस्थेची व नीतिविषयक समितीची परवानगी मागतात. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल, तर लेख लांबणीवर टाकणे हेच श्रेयस्कर.

पण संमतीचा कागद जोडला म्हणजे लेखकाची जबाबदारी संपत नाही. पुढील दोन मसुदे ताडून पाहा. दोन्ही कल्पित आहेत.

मसुदा १ : ‘मालवण तालुक्यातील एका वाडीतील ४३ वर्षांचा रापणकर, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दारूच्या नशेत समुद्रात बुडून मरण पावला.’

मसुदा २ : ‘किनारपट्टीवरील एका जिल्ह्यात, पावसाळ्याच्या दिवसांत, चाळिशीतील एका पुरुषाचा मृतदेह समुद्रकिनारी आढळला. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार तो आदल्या सायंकाळपासून बेपत्ता होता. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण प्रयोगशाळेच्या अहवालावरून पुढे दिले आहे.’

पहिल्या मसुद्यात नाव नाही. तरीही त्या वाडीतील शाळकरी पोरही मृताचे नाव सांगेल. मुंबईसारख्या शहरात ‘४३ वर्षांचा कामगार’ ही ओळख होत नाही. मालवणच्या वाडीत वय, व्यवसाय आणि सणाचा दिवस एकत्र आले की ओळख पुरी होते. शिवाय ‘दारूच्या नशेत’ हे शब्द त्याच्या कुटुंबाला कायमचे चिकटतात, आणि ते कोणत्या पुराव्यावर लिहिले हे मसुदा सांगत नाही.

येथे एक पथ्य लक्षात ठेवावे. ओळख लपवण्यासाठी तपशील गाळता येतो, पण बदलता येत नाही. पुरुषाची स्त्री केली किंवा खाडीचा समुद्र केला, तर लेख खोटा ठरतो. कोणता तपशील ठेवावा, याची कसोटी सोपी आहे : निष्कर्षाला त्याची गरज आहे काय? प्रेताच्या कुजण्याचा वेग हा लेखाचा विषय असेल, तर ऋतू व पाण्यात गेलेला अंदाजे काळ आवश्यक आहे. सणाचे नाव नाही.

छायाचित्रांनाही हाच नियम लागू होतो. डोळ्यांवर काळी पट्टी लावली म्हणजे ओळख लपते, हा समज संपादक समितीने अपुरा ठरवला आहे. शक्यतो चेहरा वगळून केवळ जखमेचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे. गोंदण, ताईत, अंगठी यांवरूनही माणूस ओळखता येतो, हे विसरू नये. अनुवादक वा टंकलेखक म्हणून मूळ कागद आपल्या हाती आले, तर त्यांतील नावांची गुप्तता राखणे हे आपलेही कर्तव्य ठरते.

६.३.७ सादरीकरण

हस्तलिखित सिद्ध झाल्यावर प्रथम नियतकालिकाची ‘लेखकांसाठी सूचना’ ही पृष्ठे संपूर्ण वाचावीत. शब्दमर्यादा, चित्रांचा दर्जा, संदर्भांची पद्धत यांकडे दुर्लक्ष झाल्यास चांगला लेखही परीक्षणाविना परत येतो. काही बनावट नियतकालिके शुल्क घेऊन कोणताही लेख चार दिवसांत छापण्याचे आश्वासन देतात. त्यांच्यापासून सावध राहावे. संपादक मंडळ, पूर्वीचे अंक आणि शुल्काची माहिती पडताळून मगच निवड करावी.

लेखासोबत संपादकास उद्देशून पत्र जोडतात. लेखाचे नावीन्य त्यात दोन-तीन वाक्यांत सांगावे आणि हा लेख अन्यत्र प्रसिद्ध झालेला नाही व अन्यत्र विचाराधीन नाही, अशी ग्वाही द्यावी. एकच लेख एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवणे हा गैरव्यवहार मानला जातो. आर्थिक साहाय्य व हितसंबंध यांविषयीची निवेदनेही द्यावी लागतात.

लेखक कोणाला म्हणावे, हेही ठरलेले आहे. कामाच्या आखणीत किंवा माहितीच्या संकलन-विश्लेषणात भरीव वाटा, मसुदालेखनात वा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्यास मान्यता आणि संपूर्ण लेखाची जबाबदारी – या चारही अटी पूर्ण करणारा तो लेखक. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून कोणाचे नाव घालू नये. शवागारातील मदतनीस, छायाचित्रकार, पंचनाम्याचा अनुवाद करणारी व्यक्ती यांचा उल्लेख त्यांच्या परवानगीने ऋणनिर्देशात करावा. संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेला लेखक म्हणता येत नाही; तिचा उपयोग केला असल्यास तो नमूद करावा लागतो. प्रकरणाचे गोपनीय कागद अशा साधनांच्या हवाली करू नयेत.

६.३.८ परीक्षण आणि फेरलेखन

संपादक हस्तलिखित त्या विषयाच्या तज्ज्ञांकडे पाठवतो. त्यांच्या अभिप्रायानंतर लेख स्वीकारला जातो, किरकोळ वा मोठ्या सुधारणांसाठी परत येतो, किंवा नाकारला जातो. सुधारणा मागणे हा अपमान नव्हे. बहुतेक प्रसिद्ध लेख या वाटेनेच गेलेले असतात. परीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन, काय बदलले व कोठे बदलले हे लिहावे. एखादी सूचना मान्य नसेल, तर सौम्य शब्दांत कारण द्यावे.

आपल्या कल्पित प्रकरणात परीक्षक विचारतो, ‘पाण्याचा नमुना कोठून घेतला?’ लेखक कागद पाहतो आणि त्याला कळते की नमुना घेतलाच नव्हता. अशा वेळी ‘घटनास्थळाच्या पाण्याचा नमुना उपलब्ध नव्हता, त्यामुळे डायटमची तुलना करता आली नाही’ असे मर्यादांमध्ये लिहावे. या कबुलीने लेख दुबळा होत नाही. तो वाचणारा दुसऱ्या किनाऱ्यावरील डॉक्टर पुढच्या वेळी पोलिसांकडे नमुना मागेल. प्रकरणवृत्तान्त लिहिण्याचे प्रयोजन हेच आहे.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) पुढील विधाने निरीक्षण, ऐकीव माहिती की अनुमान, ते ओळखा.
१. उजव्या कपाळावर ३ सेंटिमीटर लांबीची जखम होती.
२. ही जखम खडकावर आपटून झाली असावी.
३. भावाने पोलिसांना सांगितले की, मृतास फेफऱ्याचा आजार होता.

(आ) ओळख लपवण्यासाठी तपशील गाळणे व बदलणे यांत काय फरक आहे?

(इ) आपल्या बोलीतील असे एक क्रियापद निवडा, ज्याचा प्रमाण मराठीत अनुवाद करताना अर्थ बदलण्याचा धोका आहे. पाच-सहा ओळींत स्पष्टीकरण लिहा.

६.५ सारांश

न्यायवैद्यकीय लेखाची अंगे आणि सादरीकरणाचे नियम सूचनापृष्ठे वाचून शिकता येतात. त्यांमागील शिस्त मात्र भाषेची आहे, आणि ती दोन वाक्यांत सांगता येते : पाहिले त्याहून अधिक सांगू नये; आणि माणसाविषयी गरजेहून अधिक उघड करू नये. ही शिस्त पोलीस ठाण्यातील पहिल्या जबाबापासून सुरू होते. तो जबाब ज्या भाषेत लिहिला जातो, त्या भाषेचे आपण अभ्यासक आहोत.

६.६ पारिभाषिक शब्द

पंचनामा : पंचांसमक्ष केलेली घटनास्थळाची वा प्रेताची लेखी नोंद. संशयास्पद मृत्यूची पोलीस चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते.
शवविच्छेदन : मृत्यूचे कारण शोधण्यासाठी केलेली प्रेताची बाह्य व अंतर्गत तपासणी.
रापण : किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढण्याचे मोठे जाळे, ते ओढणारा तो रापणकर.
परीक्षक : हस्तलिखितावर अभिप्राय देणारा विषयतज्ज्ञ.

६.७ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

(अ) १. निरीक्षण. २. अनुमान. ३. ऐकीव माहिती.
(आ) तपशील गाळल्याने लेखातील माहिती कमी होते, पण खरी राहते. बदलल्याने ती खोटी होते व निष्कर्षावरील विश्वास नाहीसा होतो.
(इ) या प्रश्नाचे उत्तर आपल्या बोलीनुसार वेगळे असेल. ते ६.३.३ मधील विवेचनाशी ताडून पाहावे आणि संपर्कसत्रात मांडावे.